पोटभर तनहाई

आमच्या घराण्यात माणूस कधी एकटा नसतो. शेवटच्या प्रवासाला सगळ्यांनाच चौघं खांदा देतात, पण आमच्याकडे त्या चौघांना 'जरा डावीकडून धरा' असं सांगायला आणखी वीसजण बरोबर चालतात. ही खोड आजची नाही. निजामाच्या राज्यातही ती होती, आणि तिच्यापायी आमचा आश्रुबा मरायला टेकला होता. वाचलाही तिच्यापायीच, पण ते सांगायला जरा बैजवार बसावं लागेल.

आश्रुबा म्हणजे माझ्या आजोबांचा थोरला भाऊ. नेकनूरला राहायचा. अंगाने दणकट, बाजरीचं पोतं काखेत मारून चालणारा, आणि स्वभावाने असा गरीब की वाटेत बसलेल्या कोंबडीला 'सरक' म्हणायचा नाही, स्वतः वळसा घालून जायचा. त्याला आयुष्यात एकच शौक होता, झोप. आडवा झाला की झोपला. एकदा मारुतीच्या देवळात आरती चालू असताना उभ्या उभ्या झोपला आणि आरती संपून लोक घरी गेले तरी हा टाळ्या वाजवतच होता. त्याची बायको बायनाबाई म्हणायची, "लग्नात अंतरपाटामागनं घोरायचा आवाज आला, तवाच मला कळलं कुनासंगं संसार करायचाय ते."

घरात सत्ता होती केशरबाईची. ही आश्रुबाची थोरली बहीण. लहान वयात नवरा गेला, माहेरी परत आली ती राज्य करायलाच. सगळे तिला आक्का म्हणायचे. धाकटा भाऊ राधाकिशन. तो माझा सख्खा आजोबा, त्यामुळे त्याच्या मूर्खपणाबद्दल बोलायचा हक्क मला वारशानेच मिळाला आहे.

त्याच्याहूनही धाकटा एक होता, आप्पा. मानमोडीच्या जीवघेण्या तापाच्या साथीत तो शेतावर राखणीला गेला होता. घरात सगळेच तापाने फणफणलेले. सगळ्यांना वाटलं, तो तिकडे मोकळ्या हवेत बरा आहे. आक्का स्वतःच्या तापात धडपडत भाकरी घेऊन गेली, तेव्हा आप्पा खोपीत गार पडला होता. पाण्याचं मडकं जवळच होतं, पण त्यातलं पाणी द्यायला कोणी नव्हतं. त्या दिवशी आक्काने भर अंगणात सांगितलं, "आजपासनं ह्या घरात आजाऱ्याला येकटं सोडायचं न्हाई." हे मला हसत सांगता येत नाही, म्हणून आधीच सांगून टाकलं. पुढचं मात्र हसण्यासारखंच आहे.

साथ सरून काही वर्षं झाली होती. दिवाळीच्या आधी बाजरीचं खळं चालू होतं. उन्हात आश्रुबाला घेरी आली आणि तो मटकन खाली बसला. झालं एवढंच. गूळपाणी पिऊन, लिंबाखाली एक डुलकी काढून उठला असता. पण 'आश्रुबा बसला' ही बातमी घरी पोचेपर्यंत 'आश्रुबा पडला' झाली, आणि वेशीपर्यंत जाईतो बायका डोळ्याला पदर लावून निघाल्यासुद्धा.

ओसरीत बाज टाकली. उशाशी आक्का, पायथ्याशी राधाकिशन, बाजूला पंखा घेऊन बायनाबाई. मग भावकी भेटायला येऊ लागली. आजाऱ्याला भेटायला येणाऱ्याची आपल्याकडे एक रीत आहे. तो आधी आजाऱ्याला म्हणतो, "काय न्हाई, हुईल बरं." मग शेजारच्याला, पण आजाऱ्याला स्वच्छ ऐकू जाईल अशा कुजबुजीत, ह्याच दुखण्याने कोणकोण गेलं ते सांगतो. दिंद्रुडहून आलेल्या एका पाहुण्याने तर इतकी नावं घेतली की आश्रुबाला वाटलं, तिकडे आता कोणी उरलंच नसेल.

आणि झोप? झोपेचं तर नाव नको. आश्रुबाचा डोळा लागला की आक्का त्याच्या नाकाशी बोटं धरायची. श्वास लागायचा बोटांना. पण आक्काचा बोटांवर विश्वास नव्हता. ती त्याला गदागदा हलवायची.

"आश्रुबा, झोप लागली का रं?"

"लागली हुती, आक्का."

"बरं झालं. झोप आता."

ती जरा उठली की राधाकिशन यायचा. "दादा, झोप लागली का?" मग चुलते, मग चुलत चुलते. सगळ्यांना त्याच्या झोपेची काळजी, म्हणून कोणीच त्याला झोपू देईना. झोप नाही म्हणून तो सुकला, सुकला म्हणून माणसं वाढली, आणि माणसं वाढली म्हणून उरलीसुरली झोपही गेली. काढे झाले. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. कपिलधारला नेऊन धारेखाली उभा केला. तिथेही तो घसरेल म्हणून सगळं घर त्याला धरून धारेखाली उभं राहिलं आणि घरी येऊन सगळेच शिंकत बसले. पंधरवड्यात पोतं उचलणारा आश्रुबा तांब्या उचलेना. एके सकाळी त्याने आक्काला आप्पा म्हणून हाक मारली. तेव्हा मात्र घराच्या तोंडचं पाणी पळालं. आक्का म्हणाली, "गाडी जुंपा. बीडला हकीमाकडं चला."

एक गाडी आश्रुबासाठी, एक त्याच्या काळजीसाठी, अशा दोन गाड्या भरून बीडला गेल्या.

हकीमसाहेब पांढऱ्या दाढीचे, शांत गृहस्थ. त्यांनी आश्रुबाला विचारलं, "क्या तकलीफ है?" उत्तर आक्काने दिलं. "भूक लगती है?" बायनाबाई पदराआडून म्हणाली, "अर्धी भाकर, ती बी चतकोर टाकत्यात." हकीमसाहेब म्हणाले, "जबान दिखाइए." राधाकिशनने स्वतःची जीभ काढून दाखवली. "दादाची आशीच हाय," तो म्हणाला, "जरा जास्ती पांढरी." हकीमसाहेबांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. सगळे गेले, आणि खिडकीच्या गजांतून आत बघू लागले. हकीमसाहेबांनी आश्रुबाची नाडी धरली, पण त्यांचं लक्ष खिडकीतल्या तोंडांकडेच होतं. नाडी हातात असतानाच आश्रुबा एक घोरून घेऊन जागा झाला.

हकीमसाहेबांनी राधाकिशनला आत बोलावलं. "इन्हें दवा की जरूरत नहीं. इन्हें तनहाई दीजिए. सुबह-शाम. पेट भर के."

तनहाई म्हणजे एकांत. आज हे शेंबडं पोरही सांगेल. पण आमच्या घरात तेव्हा हा शब्द कोणी ऐकलेला नव्हता, कारण ती वस्तूच घरात कधी आलेली नव्हती. आणि राधाकिशन दोनदा साक्षीला कचेरीत जाऊन आलेला, त्यामुळे घरातला उर्दूचा जाणकार तोच. कळलं नाही म्हणून विचारावं तर घरची इज्जत जाते. तो छाती काढून म्हणाला, "जी हुजूर. तनहाई. पेट भर के. गरम पानी के संग के ठंडे?"

हकीमसाहेब दाढी हलेपर्यंत हसले. राधाकिशन समजला, दोन्ही चालतंय.

बाहेर आल्यावर आक्काने विचारलं, "काय दिलं?"

"तनहाई."

"म्हंजी काय?"

"तन म्हंजी आंग," राधाकिशन म्हणाला. "आंगाला लावायचं तेल आसतंय."

"आन पेटभर म्हनला त्यो? तेल कुनी पोटभर पितंय व्हय?"

"मंग पाला आसंल. वाटून प्यायचा."

अत्ताराच्या दुकानात विचारलं. जडीबुटी विकणारा माणूस कोणत्याही वस्तूला 'माहीत नाही' म्हणत नाही. तो म्हणाला, "कालच संपली. औंदा माल कमीच आला." त्यामुळे तर सगळ्यांची खात्रीच झाली की औषध दुर्मिळ आहे आणि म्हणूनच गुणाचं आहे. आश्रुबा गाडीत दोन माणसांच्या मध्ये उभा धरलेला, डोळे उघडे, पण बघत कुठेच नव्हता.

परतीच्या वाटेवर, मांजरसुंब्याच्या चढाला, झाडाखाली ख्वाजा सीताफळांच्या पाट्या घेऊन बसला होता. त्याचं घर नेकनूरच्या वरच्या अंगाला डोंगरात, सीताफळींच्या रानात, आसपास दुसरं घर नाही. बायको आमिनाबी मानमोडीतच गेलेली, लेक रुकसाना लांब परभणीकडे दिलेली. रानातला पाला ह्याला ठाऊक असणार, म्हणून राधाकिशनने गाडी थांबवली.

"चाचा, तुमच्याकडं तनहाई हाय का?"

ख्वाजाचा हात सीताफळावर तसाच राहिला. त्याला कितीतरी दिवसांत कोणी फळाच्या भावाशिवाय काही विचारलं नव्हतं.

"हाय की," तो हळू आवाजात म्हणाला. "घर भरून हाय."

"आक्का, मिळाली!" राधाकिशन गाडीकडे बघून ओरडला. "घर भरून हाय म्हनत्यात!"

"जुनी हाय का नवी ते इच्यार," आक्का गाडीतून म्हणाली.

"आमिनाबी गेली तवापासनची," ख्वाजा म्हणाला.

"मंग चांगली. जुन्या तुपावानी गुन येतो."

"कवा येऊ न्यायला?" राधाकिशनने विचारलं.

"कवा बी या. सांजच्याला लई दाटती."

"आन पैशाचं कसं?"

"फुकट न्या, बाबा," ख्वाजा म्हणाला आणि त्याने उपरण्याने डोळे टिपले. "समदी न्या. मला नक्को."

"ह्याला म्हंत्यात देवमानूस," आक्का म्हणाली. गाड्या पुढे गेल्या. मागे ख्वाजा बराच वेळ वाटेकडे बघत होता. आपल्या मनातलं ओझं कोणी गाडी थांबवून मागतं, ह्याचा त्याला उलगडा होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर आमचं घराणं डोंगर चढलं. तनहाई पातळ निघाली तर चरवी, तेलकट निघाली तर बुधली, भुकटी निघाली तर धुतलेलं फडकं. बरोबर पिठल्याचं सामान आणि भाकरीची दुरडी, कारण आमच्यात भाकरी घेतल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही. आश्रुबाला दोघांनी धरून वर आणला.

एवढी माणसं बघून ख्वाजा घाबरून उभाच राहिला. राधाकिशनने चरवी पुढे केली.

"आना."

"काय आनू?"

"तनहाई."

ख्वाजाने चरवीत डोकावून बघितलं. मग राधाकिशनकडे बघितलं. "आता कुटली आनू?" तो म्हणाला. "तुमी इतके जन आल्यावर गेली की ती."

"गेली? कुटं गेली?" राधाकिशनने घरात शिरून बाजेखाली बघितलं. बाहेर येऊन दारातल्या मडक्यात हात घातला. अंगणातली चूल थंड होती, तिच्यातली राख उकरून बघितली. ख्वाजाला हसावं का रडावं कळेना. शेवटी त्याने राधाकिशनच्या खांद्यावर हात ठेवला.

"आरं बाबा, ती भांड्यात भरायची चीज न्हाई. मानसाजवळ कुनीच नसतंय ना, तिला तनहाई म्हंत्यात."

"म्हंजी... येकटं?"

"हौ. येकटं."

 आक्का पुढे आली. तिने हातातली बुधली खाली ठेवली.

"येकटं ठिवायचं आजाऱ्याला? हे औषध?" ती म्हणाली. "ते औषध आमच्या आप्पानं घेतलं हुतं. पेटभर."

ख्वाजाने मान खाली घातली. "माजी आमिनाबी त्याच साथीत गेली, बाई. म्या उशाला बसून हुतो. हात धरून. तरी गेली."

 इतक्या वर्षांत आक्काला हे कोणी सांगितलं नव्हतं की जवळ बसलं तरी माणूस जातो.  मग सवयीने तिने मागे वळून बघितलं आणि किंचाळली, "आश्रुबा कुटाय?"

जो तो ख्वाजाकडे बघत होता, त्यामुळे आश्रुबाला धरायचं राहूनच गेलं होतं. सगळ्यांनी सीताफळीमागे बघितलं, आडात वाकून बघितलं. राधाकिशनने पुन्हा मडक्यात बघितलं. तेवढ्यात घरातून आवाज आला. लाकूड करवतावं तसा, संथ, भरदार. बायनाबाईच्या तोंडून निघून गेलं, "आगं बया, घोरत्यात!"

ख्वाजाच्या बाजेवर आश्रुबा पालथा पडून झोपला होता. आक्का बोटं पुढे करून निघाली. ख्वाजा दारात आडवा उभा राहिला.

"बाई, घोरतंय ते ऐकाया येतंय का?"

"येतंय."

"मंग नाक कशाला बघायचं?"

आक्का दारातच खाली बसली. उठावं वाटलं की ती मूठ आवळायची. आत जायची नाही. हे तिने कसं केलं असेल ते मला अजून समजत नाही. शेजारी बायनाबाईने भिंतीला डोकं टेकलं, आणि टेकल्याक्षणी तीही झोपली. पंधरवडा पंखा हलवत ती बसली होती. तिला झोप लागली का, हे त्या घरात एकानेही विचारलं नव्हतं. आमच्या माणसांची काळजी एका वेळी एकाच बाजेवर मावते, हा आमचा जुना दोष.

आता आली का पंचाईत! आजारी माणूस हाती लागेना, आणि काळजी तर भांडी घेऊन डोंगर चढून आलेली. त्याच वेळी ख्वाजा खोकला.

खोकायला नको होता बिचाऱ्याने. सगळ्या माना एकदम वळल्या.

"कवापासनं हाय खोकला?" आक्काने विचारलं.

"न्हाई न्हाई, उगं घसा..."

"जीभ दावा."

ह्या खेपेला राधाकिशनने स्वतःची दाखवली नाही, एवढी प्रगती होती. कोणी चूल पेटवली, कोणी अंगण झाडलं, कोणी अडुळसा शोधायला पळालं. कोणीतरी सोवळ्याओवळ्याचं काढलं, तेव्हा आक्का म्हणाली, "ते घरी गेल्यावर बघू, आदी ह्यांच्या पोटात कायतरी जाऊ द्या. केवडं वाळलंय हे मानूस!" ख्वाजाला मधे बसवून गरम पिठलं-भाकरी वाढली. "घ्या आजून." "आमिनाबाई काय करायच्या खोकल्यावर?" "लेकीकडं कवा गेलतात?" तो एका प्रश्नाचं उत्तर देईपर्यंत दुसरे तीन येत होते. भाकरीचा घास तोंडात घेऊन तो रडत होता, आणि रडतोय हे बघून त्याला आणखी एक भाकरी वाढत होते.

आश्रुबा दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठला. बाहेर येऊन म्हणाला, "भूक लागली." आक्काने त्याच्यासमोर भाकरी ठेवली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

आठवड्याभरात तो पुन्हा पोतं उचलू लागला. मग एक रीतच पडून गेली. घरात फार गर्दी झाली की आश्रुबा डोंगरावर जायचा, आणि डोंगरावर फार सामसूम झाली की ख्वाजा खाली आमच्या ओसरीत यायचा. चढाच्या मध्यावर दोघांची गाठ पडायची. ख्वाजा विचारायचा, "किती जन हायत घरी?" "लई. जा बिगीनं." घरातल्या पोरांचा तो ख्वाजाचाचा झाला. त्याचा खोकला दोन दिवसांत गेला, पण आमच्या घराने तो पुढे कितीतरी वर्षं बरा केला.

गावाने ख्वाजाच्या घराचं नावच तनहाई पाडलं. कोणी भांडून आलं की म्हातारी माणसं म्हणायची, "जा, जरा तनहाईला जाऊन ये." एकदा बायनाबाईने भर स्वयंपाकात पदर खोचला आणि सांगितलं, "आज मी जाती तनहाईला." घरात जो हलकल्लोळ झाला तो विचारू नका. भाकरी कोण थापणार? आक्काने सगळ्यांना गप्प केलं आणि त्या वयात स्वतः परातीपुढे बसली. भाकरी करपल्या. पण बायनाबाई संध्याकाळी परत आली तेव्हा गाणं गुणगुणत होती, आणि त्यानंतर गावातल्या बायका वाळवणाच्या नावाखाली डोंगर चढू लागल्या.

ख्वाजा म्हातारा झाला. एका हिवाळ्यात त्याला उठवेना. आश्रुबाने त्याला पाठीवर घेऊन खाली आणला आणि ओसरीत बाजेवर घातला. रुकसाना आली, तिची पोरं आली. भावकी तर आलीच. जन्मभर जमेल तिथे झोपलेला आश्रुबा त्या दिवसांत बाजेला टेकून जागा बसायचा. बीडहून हकीमसाहेबांना आणलं. तेही आता थकले होते. त्यांनी नाडी बघितली, मान हलवली, सभोवतालची गर्दी बघितली आणि म्हणाले, "इन्हें जरा तनहाई..."

"न्हाई हुजूर," राधाकिशन पटकन म्हणाला. उर्दूची वाट त्याने सोडून दिली होती. "ते औषध ह्यांनी लई घेतलंय. आता दुसरं द्या."

हकीमसाहेब त्याच्याकडे बघत राहिले. ओळख पटली असावी. त्यांनी पेटी उघडलीच नाही. उशाला आक्का होती, पायथ्याला पोरं, दारात अर्धं गाव. त्या सगळ्यांकडे हात करून ते म्हणाले, "तो फिर यही दीजिए. पेट भर के."

दिवेलागणीला ख्वाजाने डोळे मिटले.  आक्का आता पार वाकली होती. आश्रुबाने तिचा हात धरायला बघितला, पण तिने तो झटकला, बोटं नाकाशी नेली आणि बाज हलवली.

"ख्वाजाभाई, झोप लागली का?"

ख्वाजाने डोळे उघडले नाहीत. पण तो हसला.

"लागली हुती, आक्का," तो म्हणाला. "पुन्ना इच्यारा."